घरीच राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या न्यासाचे विश्वस्तपद स्वीकारावे का?

पार्लेपूर्व

नमस्कार. एका निर्णयाबाबत जाणकारांचे मत हवे आहे.

मी राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षे नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. विलेपार्ले पूर्वेला राहते. आमच्या भागात ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करणारा एक लहानसा न्यास आहे. तो वृद्धाश्रम चालवत नाही. ज्यांना स्वतःच्याच घरात, ओळखीच्या शेजारात शेवटपर्यंत राहायचे आहे, त्यांना तसे राहता यावे म्हणून लागेल ती मदत करणे एवढाच त्याचा उद्देश आहे. डॉक्टरांकडे सोबत जाणे, औषधे आणून देणे, नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला मोबाइलवरून भरून देणे, सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २०२४ मध्ये सुरू झालेले आयुष्मान कार्ड काढून देणे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेणे आणि एकट्या राहणाऱ्यांना रोज सकाळी फोन करणे, अशी ही कामे आहेत. सुमारे साठ घरे आणि पंचवीस-तीस स्वयंसेवक असा पसारा आहे. पगारी माणसे दोनच.

गेले वर्षभर मी सकाळचे फोन करते. नऊ घरे माझ्याकडे आहेत आणि हे काम मला मनापासून आवडते. आता मला विश्वस्त मंडळात येण्याचे निमंत्रण आले आहे. मंडळात सात जण असून त्यांतील पाच पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत. संस्थापक गृहस्थ ८१ वर्षांचे आहेत आणि आजही प्रत्येक घराची खडान् खडा माहिती त्यांना तोंडपाठ असते. त्यांनी मला सांगितले, की तुम्ही बँकेतल्या आहात, तुम्हाला हिशेब कळतात, तीन महिन्यांतून एक सभा असते आणि बाकी नुसती सही करायची असते. या शेवटच्या वाक्यानेच मी बिचकले आहे. ‘नुसती सही करायची असते’ यावर विश्वास ठेवून पुढे चौकशीला सामोरे गेलेली माणसे मी नोकरीत पाहिली आहेत.

विनावेतन विश्वस्तावर कायद्याने नेमकी किती जबाबदारी येते? पद स्वीकारण्यापूर्वी कोणती कागदपत्रे मागावीत, आणि ती मागितल्यास संस्थापकांना अविश्वास वाटणार नाही ना? विश्वस्त झाल्यावर सकाळचे फोन चालू ठेवावेत, की मंडळात बसणाऱ्याने प्रत्यक्ष कामापासून दूर राहावे? आणखी एक अडचण आहे. माझी आई ८८ वर्षांची आहे आणि मी बाहेर जाते तेव्हा याच न्यासाची एक स्वयंसेविका आठवड्यातून दोनदा तिच्याजवळ बसते. मदत घेणाऱ्या घरातील व्यक्तीने विश्वस्त व्हावे का?

ताळेबंद

नमस्कार. मी सनदी लेखापाल आहे आणि गेली अनेक वर्षे लहान न्यासांचे लेखापरीक्षण करत आहे. मला नीट उत्तर देता येईल असा आपला पहिलाच प्रश्न आहे, म्हणून त्यावरच जरा सविस्तर लिहितो.

मानधन मिळत नाही म्हणून जबाबदारी कमी होते, असे कायदा मानत नाही. आपल्या राज्यात असे न्यास १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेले असतात. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली स्थापन झालेली असली, तरी धर्मादाय उद्देशाची असल्यामुळे तिची नोंद या १९५० च्या कायद्याखालीही होते. या कायद्याच्या दृष्टीने पैसा आणि मालमत्ता न्यासाची असते, आणि विश्वस्त ती दुसऱ्यांच्या हितासाठी सांभाळत असतात. स्थावर मालमत्ता विकायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. न्यासाच्या नावाने कर्ज काढायचे, तरीही लागते. हिशेबांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, आणि गैरकारभार आढळल्यास विश्वस्ताला निलंबित करण्याचा किंवा पदावरून दूर करण्याचा अधिकार आयुक्तांना याच कायद्याने दिलेला आहे. सभेला गैरहजर होतो, त्यामुळे मला माहीत नव्हते, ही सबब टिकत नाही. ज्या ठरावाला आपला विरोध आहे, तो विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घेणे हीच विश्वस्ताची खरी ढाल असते, आणि गंमत अशी की लहान न्यासांमध्ये इतिवृत्त बहुधा सभेनंतर महिन्याभराने, आठवेल तसे लिहिले जाते.

आता कागदपत्रे. घटना किंवा विश्वस्तनामा, मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि इतिवृत्ताची वही या गोष्टी आपण मागालच. त्यांच्या आधी एक कागद मागा, तो म्हणजे परिशिष्ट एकचा अद्ययावत उतारा. वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीत आज विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत, ते त्यावर दिसते. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अहवाल दाखल करायचा असतो. प्रत्यक्षात तो दाखल होत नाही, झाला तर त्रुटींत अडकतो, आणि मग असे होते की सरकारी नोंदीत चार विश्वस्त दिवंगत, दोघे परगावी, आणि सभेत बसणाऱ्या सात जणांपैकी नोंदलेले दोघेच. माझ्याकडे आलेल्या एका न्यासाचे बँक खाते याच कारणाने अडून बसले होते. पैसे होते, पण काढायला कागदावर जिवंत माणूस नव्हता. आपल्या मंडळातील पाच जण पंच्याहत्तरीच्या पुढचे आहेत, त्यामुळे ही तपासणी आपल्यासाठी अधिकच निकडीची आहे.

प्राप्तिकर खात्याकडील नोंदणी आणि दात्याला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता आता कायमची नसते, ठराविक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. ती तारीख पाहून घ्या. दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर दात्याला ८०जीची सवलत मिळत नाही, हे स्वयंसेवकांनाही सांगून ठेवा, कारण आजी-आजोबा प्रेमाने पाकीट हातात ठेवतात आणि मागून पावती मागतात.

पार्ल्यासारख्या भागात परदेशी राहणाऱ्या मुलांचा विषय हमखास निघतो. मुलगा नोकरीसाठी परदेशात आहे पण पारपत्र भारतीय आहे, अशा वेळी त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी ही विदेशी देणगी ठरत नाही. त्याने तेथील नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र ठरते, मग त्याच्याजवळ ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी. अशी देणगी घेण्यासाठी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम जमा व्हावी लागते. नोंदणी नसताना ‘आईची इतकी काळजी घेता, म्हणून’ आलेले पाचशे डॉलर विश्वस्तांना फार महाग पडू शकतात. नकार कसा द्यायचा, याचा मसुदा तयार ठेवा.

जाता जाता, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आपल्या लाभार्थ्यांच्याही कामाचा आहे. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने आलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. आपल्या स्वयंसेवकांना कोणत्या रुग्णालयात कोणत्या खिडकीवर अर्ज करायचा हे ठाऊक असेल, तर ऐन वेळी एखादे घर कर्जापासून वाचते.

आईंच्या बाबतीत सांगायचे, तर मदत इतर घरांना मिळते त्याच नियमाने मिळत असेल, तर ती लपवण्याचे कारण नाही. पहिल्याच सभेत लेखी सांगा आणि सोबतीच्या वाटपाचा विषय निघेल तेव्हा मतदानापासून दूर राहा. याउलट, कोणा विश्वस्ताच्या मुलीचा आया पुरवणारा ब्युरो आहे आणि न्यास घरोघरी त्याच ब्युरोचे नाव सुचवतो आहे, असे काही असेल तर ते फार गंभीर असते. तसे आहे का, हे विचारून ठेवा.

पार्लेपूर्व

ताळेबंद, आपले मनापासून आभार. परिशिष्ट एक मी आजच मागितले. संस्थापकांना राग आला नाही, ते चक्क हसले. म्हणाले, हे विचारणारी तुम्ही गेल्या वीस वर्षांतली पहिली. हे चांगले लक्षण समजावे की वाईट, ते मात्र मला ठरवता आले नाही. उतारा शोधण्याचे काम चालू आहे.

ठाकूरद्वार

मी गिरगावात अशाच प्रकारच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर नऊ वर्षे आहे. चाळीत सगळे एकमेकांकडे बघत असत, त्यामुळे म्हातारपण सुखाचे होते, असे आमच्याकडे वारंवार ऐकायला मिळते. शेजार होता हे खरे आहे. पण संडास गॅलरीच्या टोकाला होता, आणि गुडघे गेलेल्या माणसाला रात्री दोन वाजता तेथवर जाणे म्हणजे काय, हे त्या आठवणींत कोणी सांगत नाही. आमच्या संस्थेचे पहिले काम खोलीच्या कोपऱ्यात कमोडची खुर्ची पोहोचवण्याचे होते. असो.

मला आपल्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचे आहे. मंडळात बसणाऱ्याने प्रत्यक्ष काम करावे की नाही, यावर आमच्याकडे फार काथ्याकूट झाला, आणि त्याचे उत्तर आम्हाला किल्ल्यांनी दिले.

एकट्या राहणाऱ्या बावीस जणांच्या घरांच्या जादा किल्ल्या आमच्या कार्यवाहांच्या कपाटात असत. प्रत्येक किल्लीला नाव आणि खोली क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली. आज ते लिहितानाही मला घाम फुटतो, पण तेव्हा ही आम्हाला मोठी सोय वाटत होती. एके सकाळी एका आजींनी फोन उचलला नाही. स्वयंसेवक किल्ली घेऊन धावत गेला, दार उघडले, तर त्या मोरीत पडलेल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. वेळेवर रुग्णालयात नेले आणि त्या वाचल्या. पंधरा दिवसांनी त्यांचा पुतण्या आला आणि त्याने विचारले, की कपाटातल्या दोन बांगड्या कोठे आहेत?

बांगड्या होत्या की नव्हत्या, हे आम्हाला आजतागायत कळलेले नाही. आजींनाही आठवत नव्हते. पण दार उघडताना स्वयंसेवक एकटा होता, वेळेची नोंद नव्हती, शेजाऱ्याला बोलावलेले नव्हते आणि किल्ली ठेवून घेण्यास आजींची लेखी संमतीही नव्हती. त्या मुलाने रात्रंदिवस कामे केली होती. त्याच्यावर चोरीचा संशय आला आणि तो बाजूला झाला. तो पुन्हा कधी आलाच नाही. पुतण्याचा मला राग आला नाही. राग आला तो आम्हा अकरा जणांचा, कारण आम्ही महिन्याला दोनदा भेटत होतो, कोणाच्या घरी कोण गेले याच्या गप्पा मारत होतो, आणि दाराची किल्ली हातात असलेल्या तरुण मुलाला सांभाळणारा एक साधा नियमही आम्ही केलेला नव्हता.

त्यानंतर तीन सभा त्याच विषयावर झाल्या. आता किल्ली मोहोरबंद पाकिटात असते, पाकिटावर नावाऐवजी खुणेचा आकडा असतो, आकड्यांची यादी दुसऱ्याच व्यक्तीकडे असते, दार दोघांनी मिळून आणि शेजाऱ्याच्या देखत उघडायचे असते, आणि वहीत वेळ लिहायची असते. स्वयंसेवकाने कोणाचेही एटीएम कार्ड आणि पिन स्वतःकडे घ्यायचे नाही. बँकेतून पैसे काढून आणायचे नाहीत. सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलेले आहे, ती मागून घ्यायची. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही, आणि कोणाच्याही खात्याला किंवा घराला नामनिर्देशित व्यक्ती म्हणून आपले नाव लागू द्यायचे नाही. शेवटच्या नियमावर आमच्यात वाद झाला, कारण काही आजोबांना खरोखरच दुसरे कोणी नव्हते. तरीही आम्ही नियम केला. दिवसरात्र घरी राहणाऱ्या आयेची पोलीस पडताळणी झाली आहे का, आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाचे नाव स्थानिक पोलीस ठाण्याच्या यादीत आहे का, हे आता प्रत्येक नव्या घरी पहिल्या भेटीतच विचारले जाते.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे, की सकाळचे फोन अवश्य चालू ठेवा, पण नऊऐवजी तीन घरांना करा. अजिबात न करणारा विश्वस्त कागदावरचे नियम करतो. नऊच्या नऊ घरांत गुंतलेला विश्वस्त नियमच करत नाही, कारण त्याला प्रत्येक घरात अपवाद दिसतो. आपले संस्थापक या दुसऱ्या प्रकारात मोडतात, असे आपल्या वर्णनावरून मला वाटले. साठ घरांची माहिती एका ८१ वर्षांच्या माणसाला तोंडपाठ आहे, हे ऐकून इतरांना कौतुक वाटेल. मला आधी असे विचारावेसे वाटले, की त्यांना ताप आला तर ती माहिती कोठे आहे?

माजी विश्वस्त

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत असूनही मी आपल्याला थोडे सावध करू इच्छितो. कागद व्यवस्थित होते, नियम लिहिलेले होते, आणि तरीही मला उपनगरातील एका न्यासाचे विश्वस्तपद सोडावे लागले. कारण होते इमारतींचा पुनर्विकास.

मुंबईत आपल्याच घरी म्हातारे होण्यातला सर्वांत मोठा अडथळा आजारपणाचा नसतो, तो इमारतीचा असतो. तीन-चार मजल्यांची, उद्वाहन नसलेली, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची इमारत पडायला आली की पुनर्विकासाचा ठराव होतो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार एकावन्न टक्के सभासदांची संमती त्याला पुरेशी असते. मग ८४ वर्षांच्या माणसाने तीन वर्षांसाठी भाड्याचे घर शोधायचे, ओळखीचा औषधवाला, ओळखीची भाजीवाली आणि डोळे मिटूनही चालता येईल अशी न्हाणीघराची वाट सोडून जायचे. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच माणसाला तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरता येत नसल्यामुळे तो वर्ष-वर्ष घरात कोंडलेला असतो, आणि नव्या इमारतीतील उद्वाहन हीच त्याची सुटका असते. यात बाजू घेणे न्यासाचे काम नाही, पण करारातील भाडे किती, ते वेळेवर न मिळाल्यास काय, सामान हलवायला कोण येणार, हे वाचून दाखवायला आपलेच स्वयंसेवक घरी जात असतात, आणि त्यांच्या सांगण्याला वजन असते.

आमच्या न्यासाला एका विकासकाने मोठी देणगी देऊ केली. त्याच वेळी त्याच्या प्रकल्पातील दोन सोसायट्यांमध्ये मिळून आमची अकरा घरे होती. देणगी बिनशर्त होती, पावती रीतसर होती, धनादेशाने येणार होती. ताळेबंद यांना कागदावर तीत काहीही गैर सापडले नसते. मंडळाने ती पाच विरुद्ध दोन मतांनी स्वीकारली. पुढच्याच आठवड्यात एका आजोबांनी आमच्या स्वयंसेविकेला विचारले, ‘तू त्यांच्याकडून आलीस का?’ ती घरी येऊन रडली. मी राजीनामा दिला आणि विरोधाची नोंद इतिवृत्तात करून घेतली.

घरातल्या घरात दबाव येतो, तो प्रकार याहून अवघड असतो. नव्या घराची कागदपत्रे होण्याआधी मुलांना जागा बक्षीसपत्राने हवी असते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मध्ये सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मागण्याची तरतूद आहे, आणि त्याच कायद्यानुसार निर्वाहासाठीचा अर्ज, ज्येष्ठ व्यक्ती स्वतः करू शकत नसेल तर तिने अधिकार दिलेली संस्थाही करू शकते. तशी संस्था आपण व्हायचे का, हे मंडळाने घरात भांडण पेटलेले नसताना ठरवावे. एकदा असा अर्ज केला, की त्या कुटुंबाच्या दृष्टीने आपण मदतनीस उरत नाही. आमच्यात तीन वकील होते, पण हा प्रश्न सभेत एकदाही आला नाही.

आपल्याला जमेल तर पद स्वीकारण्यापूर्वीच विचारा, की कोणाकडून देणगी घेणार नाही, याची यादी न्यासाकडे आहे का?

तिसरा मजला

मी मदत घेणारी आहे. वय ८३, मुलुंडला एकटी राहते, इमारतीला उद्वाहन नाही. शाळेत सदतीस वर्षे मराठी शिकवले, त्यामुळे एवढे लांब लिहिणे अजून जमते. येथे सगळे विश्वस्तांच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून दाराच्या आतल्या बाजूने चार शब्द लिहिते.

आमच्या भागातील संस्थेचे मंडळ सज्जनांचे आहे. दर महिन्याला वाढदिवस साजरे करतात, वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात. माझ्याकडे सहा शाली झाल्या आहेत आणि मुंबईत शालीचे काय करायचे, हे मला कोणी सांगितलेले नाही. मला हवी होती एक खुर्ची. तिसऱ्या मजल्यावर चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला दम लागतो. तेथे दोन मिनिटे बसता आले असते, तर मी रोज खाली उतरले असते, स्वतः भाजी आणली असती, आणि भाजी आणून देणाऱ्या स्वयंसेविकेचीही गरज उरली नसती. ही मागणी मी तीन वर्षांत चार वेळा केली. प्रत्येक वेळी मला ‘काळजी करू नका आजी, आम्ही आणून देऊ’ असे प्रेमळ उत्तर मिळाले. जे मला स्वतः करायचे होते ते इतरांनी करून देणे, यालाच मंडळ सेवा समजत होते.

शेवटी मी संस्थेला पाचशे रुपयांची वार्षिक वर्गणी देऊ केली. ते घेईनात. म्हणाले, आम्ही ज्येष्ठांकडून पैसे घेत नाही. मी म्हटले, फुकट घेते म्हणून मला तक्रार करता येत नाही, ती करता यावी म्हणून पैसे देते. अमेरिकेत बॉस्टनच्या बीकन हिल वस्तीतील काही ज्येष्ठांनी आपल्याच घरी राहता यावे म्हणून एकत्र येऊन संस्था काढली, तिचे काम २००२ साली सुरू झाले. तेथे सभासद वर्गणी भरतात आणि संस्था त्यांची स्वतःची असते, असे मी नातवाकडून समजून घेतले होते. तेथील वर्गणी आपल्याला झेपणारी नाही, पण तत्त्व झेपण्यासारखे आहे. शेवटी आमच्या मंडळाने ऐच्छिक वर्गणी ठेवली आणि दोन जागा मदत घेणाऱ्यांसाठी राखल्या. त्यातील एका जागेवर मी आहे. सभा माझ्या घरी होते, कारण मी खाली उतरू शकत नाही. सगळे विश्वस्त धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर आले, त्या पहिल्याच सभेत खुर्चीचा ठराव एकमताने संमत झाला.

आमच्या सोसायटीने मात्र खुर्ची ठेवू दिली नाही. आग लागली तर जिना मोकळा हवा, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. मग संस्थेच्या पत्रानुसार भिंतीला घडी घालून लावता येणारी लाकडी फळी बसवली. बसून उठले, की ती आपोआप मिटते.

तेव्हा पार्लेपूर्व, आपल्या आईला मदत मिळते ही अडचण समजू नका. मंडळातील सात जणांपैकी बहुधा आपल्या एकटीलाच ठाऊक असेल, की ठरलेल्या दिवशी स्वयंसेविका उशिरा आली तर दाराकडे डोळे लावून बसलेल्या माणसाचे काय होते. आणि आईलाही एकदा विचारून पाहा, की तिला सोबत हवी आहे, की तुम्ही बाहेर गेल्यावर थोडा वेळ एकटीने बसायला हवे आहे.

पार्लेपूर्व

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण मध्यंतरी बऱ्याच गोष्टी घडल्या.

परिशिष्ट एकचा उतारा मिळाला. सातपैकी चार नावे आजच्या मंडळातील आहेत, दोन दिवंगतांची आहेत, आणि एका गृहस्थांनी २०१४ मध्ये राजीनामा दिला होता, तो बदल अहवाल दाखलच झालेला नाही. संस्थापकांनी ते कबूल केले आणि प्रलंबित अहवाल आधी दाखल करून मगच माझे नाव घ्यावे, हे मान्य केले. ठाकूरद्वार यांचा किल्ल्यांचा प्रसंग मी त्यांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग उठून त्यांनी खणातून एक डबा काढला. चौदा किल्ल्या होत्या, सगळ्यांना नावाच्या चिठ्ठ्या. त्या चिठ्ठ्या आम्ही दोघांनी त्याच संध्याकाळी काढल्या. साठ घरांची माहिती वहीत उतरवायला त्यांनी स्वतःहून सुरुवात केली आहे. रोज दोन घरे सांगतात आणि मी लिहून घेते. त्यातली निम्मी माहिती आजारांची नसून स्वभावाची आहे. कोणाला सकाळी नऊच्या आधी फोन केलेला आवडत नाही, कोणाशी बोलताना थोरल्या मुलाचा विषय काढायचा नाही. ती लिहावी की नाही, आणि लिहिली तर ती वही कोणी वाचावी, याचा निर्णय पहिल्या सभेवर सोपवला आहे.

देणगी कोणाची घ्यायची नाही, याची यादी नाही. तो विषय काढल्यावर दोन विश्वस्तांचे चेहरे उतरले, त्यामुळे माजी विश्वस्तांनी लिहिलेले मला आणखी एकदा वाचावे लागणार आहे.

फोन आता नऊऐवजी चार घरांना करते. तीनवर आणणे जमले नाही.

आईला विचारले. ती म्हणाली, मंगळवारची बाई येऊ दे, ती माझ्याशी पत्ते खेळते. शुक्रवारची येते ती नुसती मोबाइल बघत बसते, तिला सांग, मला एकटीला बरे वाटते. शुक्रवारच्या स्वयंसेविकेला हे कसे सांगायचे, यावर तिसरा मजला यांचे मार्गदर्शन हवे आहे.